मोठा बोन्साय विकायचाय? आधी त्याची कुंडी बदलायला शिका!



जाड बुंध्याचा, म्हातारा दिसणारा ऑलिव्हचा बोन्साय तुम्ही व्हिडिओत बघितला असेल. असं एक झाड नांदेडच्या हॉटेलात किंवा लातूरच्या शोरूममध्ये ठेवलं, तर महिन्याला भाडं सुरू! कल्पना चांगली आहे. पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने बोन्सायचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं होतं, म्हणजे आवड असणारे लोक आपल्या राज्यात आहेत. पण पैसे अडकवण्याआधी पुढचं वाचा.

पहिलं झाड ऑलिव्हचं नको. ऑलिव्ह मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे बरोबर उलटं. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की ते कुजतं. म्हणून हात बसेपर्यंत वड, पिंपळ, उंबर किंवा चिंच घ्या. ही झाडं आपल्या हवेला सरावलेली आहेत आणि चुकलात तर नुकसान कमी.

कुंडी कधी बदलायची? पाणी घातल्यावर ते वरच तुंबतंय, मुळं कुंडीला गोल वेढा घालतायत, तर वेळ झाली. जुन्या मोठ्या झाडाला साधारण तीन ते पाच वर्षांनी हे लागतं. वड-पिंपळासाठी जून-जुलै, पाऊस लागल्यावर. ऑलिव्हसाठी फेब्रुवारी, नवे डोळे फुगताना. एप्रिल-मेमध्ये हात लावू नका! आपला पारा चाळिशी ओलांडतो आणि कापलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत.

कशी बदलायची? दोन दिवस पाणी कमी करा. झाड बुंध्याला धरून उपटायचं नाही. कडेने माती मोकळी करून दोघा-तिघांनी उचलायचं. मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. आपली काळी माती नुसती भरू नका, ती पाणी धरून बसते. चाळलेला मुरूम, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं कुजलेलं शेणखत वापरा. तळाच्या छिद्रांतून तार ओवून मुळं घट्ट बांधा. झाड हललं की नवी मुळं तुटतात. मग तीन-चार आठवडे सावली आणि महिनाभर खत बंद.

मांडायचं कसं? झाड डोळ्यांच्या उंचीला, मागे साधी भिंत. कुंडी स्वच्छ, गवत काढलेलं. पण एसीच्या लॉबीत चार-पाच दिवसच! नंतर त्याला बाहेर ऊन पाहिजे. म्हणजे एका जागेसाठी किमान दोन झाडं आलटून-पालटून लागतात. खरा हिशेब इथेच चुकतो.

समजा, एक झाड १२,००० रुपयांचं आणि तुम्ही दोन वर्षांत पैसे वसूल करणार. महिन्याला ५०० रुपये झाले. पण झाडं दोन, म्हणजे १,०००. त्यात टेम्पो, दोन माणसं, पाणी आणि कुंडीबदलाचा खर्च धरा. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे दर विचारून स्वतःचा कागद बनवा. '५०० ला देतो' म्हणालात तर पहिल्याच महिन्यात तोटा!

आणि पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे विसरू नका. उथळ कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, कधी दोनदा. टंचाईत टँकर कुठून, हे आधी ठरवा, मग झाडं वाढवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. झाड एकदाच विकलं जातं; पण ज्यांच्याकडे मोठे बोन्साय आहेत, त्यांना कुंडी बदलणारा माणूस पुन्हा पुन्हा लागतो. सुरुवात तिथून करा, भांडवल कमी लागेल.

या आठवड्याचं काम: जुन्या भिंतीवर उगवलेलं वडाचं किंवा पिंपळाचं एक रोप मालकाला विचारून काढा, कुंडीत लावा आणि रोज किती पाणी लागलं ते वहीत लिहा. तीच तुमची पहिली हिशेबवही!