माती नाही म्हणून भाजी शुद्ध? आधी टाकी बघा

ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर, थोडा आवरून-सावरून.

हायड्रोपोनिक लेट्यूस विकताना ‘मातीच नाही, म्हणून शुद्ध’ असं सर्रास सांगतात. माती नाही हे खरंय. पण तो ‘म्हणून’ आला कुठून?

२०२१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत साल्मोनेलामुळे ३१ जण आजारी पडले. धागा पोचला इलिनॉयमधल्या एका हायड्रोपोनिक ग्रीनहाऊसच्या पॅकबंद सॅलडपर्यंत. एफडीएला तोच जिवाणू सापडला शेजारच्या, पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यात. आत तो नेमका कसा शिरला, हे मात्र ठामपणे ठरलं नाही.

आता सिस्टिम बघा. पाइपमधून खताच्या पाण्याची पातळ धार मुळांवरून वाहते, टाकीत परत येते, पंप ती पुन्हा वर ढकलतो. म्हणजे शंभर रोपं, टाकी एक. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर! शेतात एका कोपऱ्यात पडलेली घाण बरेचदा तिथेच राहते. इथे एका फेरीत सगळीकडे.

आणि गंमत म्हणजे डॅशबोर्ड हिरवाच असतो. पीएच ५.५ ते ६.५ मध्ये, ईसी बरोबर. ते सेन्सर आम्लता आणि क्षार मोजतात, जिवाणू नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना लॅबमध्येच द्यावा लागतो. परतीच्या पाण्यावर यूव्ही दिवा लावता येतो, पण त्याने द्रावणातलं चिलेटेड लोह मोडतं. नवी पानं पिवळी पडायला लागली तर आधी तिकडे बघा. दोन पिकांच्या मध्ये पाइपमधला बुळबुळीत थर घासून काढायचा, मग जंतुनाशक. थर तसाच ठेवून नुसतं औषध ओतलं तर आतले जिवाणू वाचतात. टाकी झाकलेली आणि सावलीत हवी. मे महिन्यात गच्चीवर तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि मुळं कुजवणाऱ्या पिथियमचं फावतं.

दुसरा मुद्दा नायट्रेटचा. हा चवीत कळत नाही. झाड नायट्रेट उचलतं आणि त्याची प्रथिनं बनवतं, पण त्याला प्रकाश लागतो. प्रकाश कमी, खत भरपूर, की नायट्रेट पानात साठतं. म्हणूनच युरोपात झाकलेल्या जागेतल्या लेट्यूसला किलोमागे उन्हाळ्यात ४००० आणि हिवाळ्यात ५००० मिलिग्रॅम अशी वेगवेगळी मर्यादा आहे. उपाय फुकटातला आहे: कापणी पहाटे नको, दिवसभर ऊन खाल्ल्यावर दुपारनंतर करा, आणि शेवटचे काही दिवस खत कमी करा किंवा नुसतं पाणी द्या. वजन जरा कमी भरेल, म्हणून विकणारे टाळतात.

घरी बाळासाठी पालक शिजवत असाल तर तो ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका. जिवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि ते बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी करतं.

पुढच्या वेळी डबा घेताना विक्रेत्याला ‘ऑरगॅनिक आहे का?’ विचारण्यापेक्षा ‘पाणी शेवटचं कधी तपासलं?’ असं विचारा. काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये टाका.