'ऑन द टेक' : घेणाऱ्यांची भाषा

इंग्रजीच्या वर्गात 'ऑन द टेक' हा बोलीतला वाक्प्रचार समजावून सांगताना मला नेहमी थांबावे लागते. 'तो ऑन द टेक आहे' म्हणजे त्याने एकदा लाच घेतली, असे नव्हे. तो नेमाने घेतो. घेणाऱ्यांच्या रांगेत त्याची जागा ठरलेली आहे. आपल्या 'चिरीमिरी'त हा अर्थ बसत नाही, 'हप्त्या'त बसतो.

ही रांग कशी चालते हे न्यूयॉर्कमध्ये उघड झाले. फ्रँक सर्पिको व डेव्हिड डर्क या पोलिसांच्या तक्रारींकडे वरिष्ठांनी काणाडोळा केला. अखेर एप्रिल १९७० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने प्रकरण छापले, तेव्हा कुठे महापौर लिंडसे यांनी नॅप आयोग नेमला. साध्या वेशातले पोलीस जुगारवाल्यांकडून दरमहा पैसे गोळा करून वाटून घेत. या वाटणीत असणे म्हणजे 'ऑन द पॅड', आणि एकेकाचा वाटा म्हणजे 'नट'. नवा माणूस विश्वासाचा ठरेपर्यंत दोन महिने वाट्याविना राहायचा. बदली झाली की ते दोन महिने भरून मिळायचे. सरकारी नोकरीत इतका चोख हिशेब कुणाला पाहायला मिळाला आहे?

पोलीस खाते म्हणत होते, दोष एखाद्या नासक्या सफरचंदाचा. आपण आढीतला नासका आंबा म्हणतो तसेच. आयोगाने १९७२ च्या अहवालात हा युक्तिवाद झिडकारला. सत्ता वापरून सावज शोधणारे ते 'मांस खाणारे', आणि समोर येईल ते निमूट घेणारे 'गवत खाणारे'. आयोगाच्या मते खरा प्रश्न दुसऱ्यांचा. संख्येने तेच फार, म्हणून लाच प्रतिष्ठित होते.

मला मात्र त्या अहवालातला एक आकडा सोडत नाही. मिडटाउन मॅनहॅटनमध्ये माणशी महिना ३०० ते ४०० डॉलर, हार्लेममध्ये १,५००. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथला आकड्यांचा जुगार आपल्या मटक्यासारखा, गरिबांच्या चिल्लरीवर उभा. सर्वांत मोठा वाटा तिथून निघत होता. (त्याच १९७२ साली मुंबईत तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून 'दलित पँथर' हे नाव घेतले.)

'टेक', 'पॅड', 'नट' हे सारे शब्द घेणाऱ्यांनी घडवलेले. देणाऱ्याला त्यांत नाव नाही. माझी आई बाजारात भाजीची पाटी मांडायची तेव्हा रोज एकाच्या हातावर पैसे ठेवायची. त्याला ती लाच कधीच म्हणाली नाही. 'बसायचे पैसे' म्हणायची.