परदेशवास आणि ‘आपलें’

रत्नागिरीहून मुलगा वा मुलगी परदेशीं नोकरीस निघाली कीं ‘आपलें सोडूं नकोस’ असा उपदेश घरोघर होतो. आपलें म्हणजे नेमकें कोणतें, हें मात्र कोणी सांगत नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस निघाल्या, त्यापूर्वीं बंगालमधील सेरामपूर येथील भाषणांत त्यांनीं ‘हिंदु म्हणूनच राहीन’ असें सांगितलें होतें. तिकडील थंडींत नऊवारीनें पोटऱ्या उघड्या पडत. तेव्हां त्या गुजराती पद्धतीनें नेसूं लागल्या. शाकाहार मात्र सोडला नाहीं. माझ्या मतें त्यांनीं वचन मोडलें नाहीं. धर्मशास्त्रही देशकाल पाहतेंच. १८८५ सालच्या छायाचित्रांत जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबत इस्लामबूली यांच्यासमवेत त्या दिसतात. तिघी फिलाडेल्फियाच्या एकाच वैद्यक महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. वेष मात्र प्रत्येकीचा स्वदेशीचा आहे.