दाबलेली स्प्रिंग आणि वरचा नट

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा शाळेतून मारतहळ्ळीच्या घरी आला आणि गेटपाशीच म्हणाला, "बाबा, गाडी डावीकडे झुकलेली दिसते." त्याची नजर चुकली नव्हती. आमची मारुती ८०० आहे १९९८ सालची. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेपने मोजले, तर पुढच्या दोन बाजूंत दोन बोटांचा फरक निघाला. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा डाव्या स्प्रिंगचा खालचा वेढा गंजून तुटलेला होता.

जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारातून आम्ही दोन स्प्रिंगा आणल्या. तुटली एक, मग दोन कशाला? पंचवीस वर्षे वजन झेललेली जुनी स्प्रिंग थोडी बसलेली असते. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला जुनी ठेवली, तर गाडी समतल राहत नाही आणि ब्रेक मारताना एका अंगाला ओढू शकते. म्हणून पुढच्या स्प्रिंगा नेहमी जोडीनेच बदलाव्यात.

या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. शॉकअब्सॉर्बर मध्ये, त्याच्याभोवती स्प्रिंग आणि वर सगळे आवळून धरणारा एक नट, अशी ही रचना. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत स्प्रिंग आडव्या विशबोनच्या आधाराने बसते; तिथली पद्धत निराळी. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आपल्या गाडीचे मॅन्युअल वाचावे.

कामाचा क्रम असा. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे सैल करावेत. मग जॅकने गाडी उचलून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी स्टँड लावावा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. विटा तर कधीच लावू नयेत. त्या अचानक फुटतात.

चाक काढल्यावर ब्रेकचा होज स्ट्रटवरून मोकळा करावा आणि ब्रेकचा भाग तारेने बांधून ठेवावा. होजवर त्याचे वजन येऊ देऊ नये. खालच्या बोल्टांची जागा खडूने खुणावून ते काढावेत. शेवटी बॉनेटखालचे, स्ट्रट बॉडीला धरणारे बाजूचे नट काढावेत. मधल्या नटाला हात लावायचा नाही. अख्खा स्ट्रट बाहेर येतो.

आमचा स्ट्रट बाहेर आला आणि मी हात पुसायला वळलो. मागे पाहतो तो चिरंजीवांनी नेमका त्या मधल्या नटावर पाना चढवलेला!

"थांब. हात काढ, आणि तोंड बाजूला घे."

"पण बाबा, स्ट्रट तर गाडीतून निघाला. आता त्याच्यावर वजन कुठे आहे?"

प्रश्न चांगला होता. गाडीचे वजन नाही, पण स्प्रिंग त्या नटाखाली दाबलेलीच आहे. रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम कॅडेट मित्रांनी वर्गात शिकलेलाच असेल: स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा जोर वाढतो. समजा, ती एक सेंटीमीटर दाबायला २० किलोचा जोर लागतो आणि नटाखाली ती १० सेंटीमीटर दाबलेली आहे. म्हणजे जोर २०० किलो, सरासरी १००. साठलेली ऊर्जा झाली १० किलोचे वजन एक मीटर उचलण्याइतकी. ती सगळी दोन किलोच्या सुट्या भागाला मिळाली, तर तो ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने उडेल, आणि पाना धरणाऱ्याचे तोंड नेमके त्याच्यासमोर असते.

म्हणून आधी स्प्रिंग कॉम्प्रेसर. त्याचे दोन आकडे समोरासमोर लावावेत आणि आळीपाळीने दोन-दोन फेरे, हातानेच आवळावेत. एकच बाजू आवळली तर स्प्रिंग वाकडी होऊन निसटते. स्प्रिंग बैठकीत सैल हलू लागली, की मगच मधला नट काढावा. नवी स्प्रिंग तशीच दाबून बसवावी. तिचे टोक बैठकीच्या खाचेत टेकले पाहिजे. वरचे रबर आणि बेअरिंग झिजले असल्यास आताच बदलावे. नट पूर्ण बसल्यावर कॉम्प्रेसर पुन्हा आळीपाळीने सैल करावा.

जोडणी उलट क्रमाने. बोल्ट अंदाजाने न आवळता मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळावेत. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट-बोल्ट पुन्हा तपासावेत.

कॉम्प्रेसर चांगला नसेल, त्याचे आटे झिजले असतील किंवा जाणते माणूस सोबत नसेल, तर स्ट्रट पिशवीत घालून गॅरेजमध्ये न्यावा आणि तेवढी स्प्रिंग तिथे बदलून घ्यावी. यात कमीपणा नाही. लष्करी वर्कशॉपमध्ये माझी चोवीस वर्षे गेली. घाईने वाचलेली दहा मिनिटे तिथे कुणी मोजली नाहीत, शाबूत राहिलेली बोटे मात्र मोजली.

उजवी बाजू मुलाने केली. मी नुसता बघत होतो. मधल्या नटावर पाना ठेवण्यापूर्वी त्याने स्प्रिंग हाताने हलवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.