मोटारसायकलींचा मेळा, अपघात आणि दोषाची वांटणी

घरांत अपघात घडला म्हणजे जखमा दोन होतात. एक अंगावर होते. ती वैद्य भरून काढतो. दुसरी नात्यांवर होते. ती बहुधा आपल्याच जिभेनें केलेली असते आणि तिला औषध मिळत नाहीं. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत तरुण मंडळींनीं मोटारसायकलींवरून घोळक्यानें प्रवास करण्याची चाल आतां पुष्कळ रुळली आहे. तेव्हां या दोन्ही जखमांचा विचार प्रत्येक कुटुंबानें आधींच करून ठेवणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

ही चाल वाईट आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. महाशिवरात्रीस वैनगंगेच्या तीरावरील मार्कंडा, सिरोंच्याहून गोदावरी ओलांडून कालेश्वर, भामरागडचा त्रिवेणी संगम, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प हीं स्थळें पाहावीं असें तरुणांस वाटणें योग्यच आहे. परंतु गडचिरोलीहून भामरागड दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि वाटेंत रान आहे. ताडोबाच्या गाभ्यांत पर्यटनासाठीं मोटारसायकल नेतां येत नाहीं हें खरें. पण रोही, रानडुक्कर, चितळ, अस्वल यांस त्या गाभ्याची सीमा ठाऊक नसते. दिवेलागणीस गुरें रस्त्यावर येतात. राजुरा-घुग्घुसकडे कोळशाचे आणि आष्टी-आलापल्लीकडे लोहखनिजाचे अवजड ट्रक चालतात. पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा मार्ग अनेकदां बंद पडलेला आहे.

पूर्वीं जत्रेस बंड्यांचा तांडा निघे तेव्हां सर्वांत मंद बैलांच्या चालीनें तांडा चाले. मोटारसायकलींच्या मेळ्यासही हाच नियम लागू आहे. एक अनुभवी गडी पुढें, दुसरा अनुभवी सर्वांच्या मागें, आणि ज्याचा हात अजून बसलेला नाहीं तो पुढच्याच्या लगेच पाठीशीं असावा. वेग त्याच्या बेतानें ठरवावा. प्रत्येकानें आपल्या मागच्या गाडीवर आरशांतून लक्ष ठेवावें; फांट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबावें. ज्याची गाडी मागें पडली त्यानें गांठण्यासाठीं वेग वाढवूं नये. मंडळी आपली वाट पाहणार, ही खात्री त्याला निघतांनाच दिलेली असावी. घोळक्यांतील कित्येक अपघात या गांठण्याच्या धडपडींतून होतात. हेल्मेट चालविणाऱ्यानें घालावें तसें मागें बसणाऱ्यानेंही घालावें. दोघांसही तें कायद्यानें सक्तीचें आहे. सूर्यास्तापूर्वीं मुक्काम गांठावा. आणि फोनला खूण कोठपर्यंत मिळत होती, तें ठिकाण पिछाडीच्या माणसानें ध्यानांत ठेवावें. प्रसंगीं तेथवर परत जाऊन मदत बोलवावी लागते.

इतकी दक्षता घेऊनही अपघात घडला, तर पहिल्या तासांत 'चूक कोणाची' हा प्रश्न कोणीं तोंडावाटे काढूं नये. त्या तासाचीं कामें निराळीं आहेत. दोघांनीं रस्त्याच्या दोन्ही अंगांस दूरवर उभें राहून येणारीं वाहनें थोपवावीं, नाहीं तर एका अपघाताचे दोन होतात. एकानें १०८ अथवा ११२ या क्रमांकावर हांक द्यावी. वाहतें रक्त स्वच्छ कापडानें दाबून धरावें. शुद्ध हरपलेल्यास पाणी पाजूं नये. श्वास कोंडत नसेल तर हेल्मेट ओढून काढूं नये. आणि ज्याच्या मानेस वा पाठीस मार लागला असेल, त्यास दोघांच्या मध्यें बसवून मोटारसायकलवरून नेण्याचा आपल्याकडील सर्रास प्रकार कटाक्षानें टाळावा. वांचलेला माणूस त्यानें जन्माचा पंगू होऊं शकतो.

भीतीनें पळून जाणें हा या प्रसंगींचा दुसरा मोह. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या १३४ व्या कलमानें जखमीस जवळच्या दवाखान्यांत पोंचविण्याचें कर्तव्य चालकावर घातलें आहे. जमावाच्या क्षोभामुळें तें शक्य नसेल, हेंही त्याच कलमानें ओळखलें आहे. परंतु तशा वेळींही शक्य तितक्या लवकर, व फार तर चोवीस तासांच्या आंत, जवळच्या पोलीस ठाण्यांत हकीकत सांगणें चुकत नाहीं. वाटेवरच्या परक्या माणसास मदत करण्याची भीति वाटूं नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मार्गदर्शक नियमांस मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें १३४-अ हें कलमच कायद्यांत आलें. तेव्हां गांवकऱ्यांस विनंति करतांना हें धीरानें सांगावें. जखमीस नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रकमेवांचून मिळावे, अशी योजना केंद्र सरकारनें मे २०२५ मध्यें जाहीर केली. तीस पोलिसांकडून अपघाताची खात्री लागते. म्हणून लपवाछपवी केल्यानें जखमीचेंच नुकसान होतें.

लपवाछपवीचा एक प्रकार तर फारच घातक आहे. गाडी चालवीत होता एक, परवाना असतो दुसऱ्याजवळ. मग मंडळी एकमतानें दुसऱ्याचें नांव सांगतात. यास ते मैत्री म्हणतात. पण जखमा, गाड्यांची स्थिति, पंचनामा आणि साक्षी यांचा मेळ बसत नाहीं. विम्याची भरपाई अडते आणि साध्या निष्काळजीपणाच्या जागीं खोटेपणाचा आरोप येतो. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं गाडी दिली असेल तर कलम १९९-अ प्रमाणें पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. ही गोष्ट किल्ली देण्यापूर्वीं आठवावी.

आतां दोषाच्या वांटणीकडे वळूं. अपघाताची वार्ता घरीं आली कीं वाडाभर शोध सुरू होतो. 'जाऊं या' असें प्रथम कोण बोललें? गाडी कोणीं दिली? परवानगी कोणत्या काकांनीं दिली? आणि घरांत नुकतीच सून आली असेल तर तिच्या पायगुणावरही बोट जातें. शिकलेल्या घरांतही जातें, हें लाजिरवाणें आहे. येथें आपल्या जुन्या न्यायशास्त्राचा उपयोग होतो. घडा निर्माण होण्यास माती, कुंभार, चाक, दांडा हीं कारणें. परंतु माती वाहून आणणारें गाढव आधीं हजर असलें तरी घड्याचें कारण नव्हे. नैयायिक त्यास अन्यथासिद्ध म्हणतात. सहलीची कल्पना काढणारा मित्र, परवानगी देणारे काका आणि घरांत आलेली सून यांचें स्थान त्या गाढवाहून अधिक नाहीं. कारण तें, ज्याच्यावांचून तो आघात झालाच नसता आणि ज्यानें तो प्रत्यक्ष घडविला: वळणावरील बेसुमार वेग, झिजलेला टायर, मद्य, पुढच्या गाडीस अगदीं चिकटून चालणें, किंवा समोरून चुकीच्या बाजूनें आलेला ट्रक.

सर्वोच्च न्यायालयाची दृष्टिही हीच आहे. दिल्लींत २००८ सालीं एका मोटारसायकलवर तिघे बसले होते. मागून मोटारीनें धडक दिली व एक तरुण दगावला. तिघे बसले एवढ्यावरून उच्च न्यायालयानें भरपाई दहा टक्क्यांनीं घटविली. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ती कपात रद्द केली. तिघांनीं बसणें हा नियमभंग खरा, पण त्या नियमभंगामुळें धडक झाली किंवा इजा वाढली असें दाखविल्याशिवाय त्यास अपघातांतील दोष म्हणतां येणार नाहीं, असा निकालाचा आशय आहे. नियमभंगाचा दंड वेगळा, अपघाताचा दोष वेगळा. न्यायाधीश जो विवेक करतात तो घरच्या वडीलधाऱ्यांनींही करावयास नको काय?

उलट, खरा दोष असेल तर तो झांकूंही नये. अनुशासनपर्वाच्या आरंभीं गौतमी नांवाच्या वृद्धेची कथा आहे. तिचा मुलगा सर्पदंशानें मेला. व्याधानें साप बांधून आणला व 'याला मारूं काय?' म्हणून विचारलें. यास मारून माझा मुलगा परत येणार नाहीं, असें ती माता म्हणाली व तिनें सापास सोडविलें. ही कथा भीष्मांनीं युधिष्ठिरास सांगितली, आणि तो त्या वेळीं स्वतःसच दोष देत होता, हें विशेष. ज्या मित्राच्या गाडीवर मागें बसलेला मुलगा गेला, तो मित्रही असाच स्वतःस जाळीत असतो. त्याच्या घरीं एकदां जाऊन बसणें हें गौतमीच्या मार्गानें जाणें होय. मात्र त्याच कथेंत साप मृत्यूकडे बोट दाखवितो व मृत्यु काळाकडे. ती सबब चालकानें उचलूं नये. 'काळानें नेलें' हें शोक करणाऱ्यानें मनाशीं म्हणावें. ज्याच्या हातून वेग सुटला त्यानें पोलिसांपुढें व त्या कुटुंबापुढें जें घडलें तेंच सांगावें.

पैशाचा प्रश्न बोलण्यास कडू, पण टाळूं नये. केवळ सक्तीचा त्रयस्थ विमा असेल तर मोफत मागें बसलेल्या मित्रास त्यांतून भरपाई मिळत नाहीं, हें २००६ च्या निकालापासून ठरलेलें आहे. मालकाच्या पंधरा लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचें कवच स्वतः गाडी चालविणाऱ्या मालकापुरतें असतें. उसनी गाडी नेणाऱ्यानें तें आपलें समजूं नये. म्हणून सहलीपूर्वीं विम्याचे कागद घरांतील कर्त्यानें एकदां वाचावे आणि मागें बसणाऱ्याचा समावेश नसेल तर थोडे पैसे भरून तो करून घ्यावा. अपघातानंतर भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आंत न्यायाधिकरणापुढें करावा. मित्राच्या घरावर दावा लावणें म्हणजे वैर, असा समज नसावा. बहुतेक वेळीं पैसा विमा कंपनीनें द्यावयाचा असतो, आणि खरें सांगणारा मित्रच त्या कामीं उत्तम साक्षीदार ठरतो.

तरुण मंडळी निघतांना आपण त्यांस दहींभात खाऊं घालतों व 'संभाळून जा' म्हणतों. त्यासोबत आणखी एक वाक्य सांगावें: 'कांहीं झालें तर आधीं जखमीस संभाळा, मग खरें सांगा, घरीं कोणी रागावणार नाहीं.' हें वचन ज्या घरानें आधींच दिलें आहे, त्या घरचा मुलगा रानांतल्या रस्त्यावर मित्रास टाकून पळत नाहीं.