'ब्रेकथ्रू' म्हणजे नेमकं काय? बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी पंडिता रमाबाईंना काय सापडलं होतं?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर ख्रिस्ती प्रार्थनेचे दोन-चार व्हिडिओ पाहिले, की एक शब्द हमखास कानावर पडतो. तो शब्द म्हणजे 'ब्रेकथ्रू'. कुणाला नोकरीत ब्रेकथ्रू हवा असतो, कुणाला व्हिसामध्ये, कुणाला आजारपणात. त्याच व्हिडिओंमध्ये आणखी एक वाक्य सतत येतं, ते म्हणजे 'तू देवाचं लेकरू आहेस'.

आता प्रश्न असा, की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? देवाचं लेकरू झालं म्हणजे अडलेली कामं होतात, एवढाच याचा अर्थ आहे का?

याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला ज्यांनी मुक्ती मिशन उभं केलं, त्या पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर सापडतं. कारण रमाबाईंनी धर्म बदलला १८८३ मध्ये, पण स्वतःच्या म्हणण्यानुसार त्यांची खरी कोंडी फुटली ती त्यानंतर तब्बल आठ वर्षांनी.

हा शब्द आला कुठून?

बायबलच्या जुन्या करारात दावीद राजाची एक गोष्ट आहे. पलिष्टी सैन्य रेफाईमच्या खोऱ्यात पसरलेलं असतं. दावीद त्यांचा पराभव करतो आणि म्हणतो, की पाण्याचा लोंढा बांध फोडून जावा तसा देव माझ्या शत्रूंमधून फोडून गेला. म्हणून त्या जागेला 'बाल-परासीम' असं नाव पडतं. याचा अर्थ साधारणपणे 'फोडून जाणारा प्रभू'. आजच्या प्रार्थनासभांमध्ये 'ब्रेकथ्रू'चा विषय निघाला, की याच गोष्टीचा दाखला दिला जातो.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्दप्रयोग म्हणजे 'कोंडी फुटणं'.

पण कोंडी दोन प्रकारची असते. एक बाहेरची, म्हणजे पैसा, आजार, कोर्टकचेरी. दुसरी आतली. सगळं नीट चाललेलं असतं, देवधर्मही सुरू असतो, तरी आपण देवाला चालतो की नाही, आपण केलं ते पुरेसं आहे का, ही धाकधूक काही जात नाही. 'देवाचं लेकरू' ही कल्पना येते ती या दुसऱ्या कोंडीसाठी.

लेकरू, तेही दत्तक

पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं ते साधारण इ. स. ५७ च्या आसपास. त्यात तो सांगतो, की ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला गुलामासारखं भीत जगायची गरज नाही, कारण त्याला दत्तक घेतलेलं आहे. मराठी बायबलमध्येही इथे 'दत्तकपण' हाच शब्द आहे.

पौलाने हा शब्द का निवडला, हे समजायला त्या काळचं रोम डोळ्यांसमोर आणावं लागतं. रोममध्ये अनेकदा मोठ्या माणसांनाच दत्तक घेतलं जायचं. ज्युलियस सीझरने मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला दत्तक घेतलं आणि तोच पुढे सम्राट ऑगस्टस झाला. ऑगस्टसने तिबेरियसला दत्तक घेतलं, तेव्हा तिबेरियस चाळिशी ओलांडलेला होता. दत्तक गेलेल्याला नवं नाव मिळायचं, नवं घराणं मिळायचं आणि वारसाहक्कही मिळायचा.

संस्थानं आणि वतनांच्या महाराष्ट्राला दत्तक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मुलगा दत्तक गेला की तो त्या घरचा होतो. रोज सकाळी उठून त्याला आपण या घरचे आहोत हे सिद्ध करावं लागत नाही.

पौलाच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. चाकराची जागा कामावर ठरते, लेकराची जागा नात्यावर. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातही हेच आहे. सगळं उडवून परत आलेला मुलगा मनात ठरवून येतो, की बापाला म्हणायचं, मला मजूर म्हणून ठेव. बाप त्याचं पूर्ण ऐकूनही घेत नाही, मुलगा म्हणूनच घरात घेतो.

देवाशी आई-लेकराचं नातं मराठी माणसाला नवीन नाही. वारकरी विठ्ठलाला माउलीच म्हणतात. ख्रिस्ती मांडणीत वेगळेपण एवढंच, की हे लेकरूपण ख्रिस्तामार्फत मिळतं आणि ते कमवायचं नसून स्वीकारायचं असतं, असं मानलं जातं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण संस्कृतच्या पंडिता असलेल्या रमाबाईंनाही हे उमगायला आठ वर्षं लागली.

१८८३ : धर्म बदलला, पण...

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी काळाच्या विरोधात जाऊन बायकोला संस्कृत शिकवलं. आईने पुढे रमाला शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत फिरायचं. दानधर्म, उपासतापास, तीर्थस्नान सगळं झालं. पण दक्षिणेतल्या दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेले. उरले ते रमा आणि भाऊ श्रीनिवास.

दोघं पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथे रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, पण १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, पदरात लहानगी मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं एक आश्रयगृह दाखवलं. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने वागवलं जात होतं. हे कशामुळे, असं विचारल्यावर त्यांना बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. या गोष्टीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

पण म्हणून त्या कुणाच्या ताटाखालचं मांजर झाल्या नाहीत. चर्च सांगेल ते सगळं मानायला त्यांनी नकार दिला. ख्रिस्ताचं दैवत्व, त्रैक्य, चर्चचा अधिकार अशा मुद्द्यांवर त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून जोरदार वाद घातला.

म्हणजे धर्म अभ्यासून झाला, पटलाही, पण मन शांत नव्हतं.

१८९१ : कोंडी फुटली ती इथे

रमाबाईंनी आपली आध्यात्मिक वाटचाल १९०७ च्या सुमारास लिहून ठेवली. त्यात त्या कबूल करतात, की आपण ख्रिस्ताचा धर्म शोधत होतो आणि तो मिळालाही, पण आपल्याला गरज होती ती स्वतः ख्रिस्ताची.

याला निमित्त ठरलं एक पुस्तक. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. हॅस्लमची गोष्ट मोठी विचित्र आहे. हे गृहस्थ अनेक वर्षं पाद्री होते आणि १८५१ मध्ये स्वतःचंच प्रवचन देता देता त्यांचं हृदयपरिवर्तन झालं. पाद्री असलेल्या माणसालाही असं काही बाकी राहू शकतं, हे वाचून रमाबाई विचारात पडल्या. बाप्तिस्मा घेतला, प्रार्थना केली, नियम पाळले म्हणजे सगळं मिळालं, असं आपण धरून चाललो होतो का?

मग बायबल वाचताना त्यांना जे उमगलं ते थोडक्यात असं : देव देतो ते तारण पुढे कधीतरी, पात्रता सिद्ध झाल्यावर मिळायचं नसून आत्ताच मिळतं. त्यांनी ते स्वीकारलं आणि मन आनंदाने भरून गेलं, असं त्या नोंदवतात.

यात बाहेरचं काहीच बदललेलं नव्हतं. पैसा आला नव्हता, विरोध थांबला नव्हता. बदलली होती ती देवासमोर उभं राहण्याची जागा. लहानपणापासून पुण्य जोडण्याच्या धडपडीत वाढलेली, पुढे तीच धडपड नकळत नव्या धर्मातही घेऊन आलेली एक बाई आता स्वतःला घरची समजू लागली होती.

त्रास संपला का? उलट वाढला

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे कुणावर धर्म लादला जाणार नाही, असं ठरलेलं होतं. पण रमाबाई प्रार्थनेला बसल्या, की काही मुली येऊन बसू लागल्या. बोलावलं नाही, पण दारही लावणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती.

यावरून मोठा वाद पेटला. 'केसरी'ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. शिक्षणाच्या नावाखाली धर्मप्रसार होतोय, हा टीकाकारांचा आक्षेप होता. तो आजही इतिहासकारांमध्ये चर्चेचा विषय आहे.

'मी' पासून 'आपण' पर्यंत

१८९५ मध्ये रमाबाई पंधरा मुलींना घेऊन लोणावळ्याच्या प्रार्थना शिबिराला गेल्या. तिथे त्यांनी देवाकडे मागणं मागितलं, की या पंधरा लेकरांचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस कर. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ, विधवा मुलींना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आई-वडील गमावलेल्या बाईला त्या मुलींची अवस्था कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यातून केडगावचं 'मुक्ती' वाढलं आणि १९०० च्या सुमारास तिथे सुमारे दीड हजार जणी राहत होत्या.

अंधांना ब्रेल शिकवली जात होती. मुली विणकाम, शेती, छपाई शिकत होत्या. पत्रिकेत, घरात, गावात जिला 'अपशकुनी' म्हटलं गेलं, तिला कुणीतरी 'तू देवाचं लेकरू आहेस' असं सांगत होतं आणि सोबत जेवण, अक्षरओळख, हाताला कामही देत होतं. दुसरी गोष्ट नसती, तर पहिली नुसती बोलाची कढी ठरली असती.

२९ जून १९०५ ला मुक्तीमध्ये मोठं आध्यात्मिक जागरण सुरू झालं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत, गात. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचं प्रसिद्ध अझुसा स्ट्रीट जागरण सुरू झालं ते एप्रिल १९०६ मध्ये. म्हणूनच पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव सुरुवातीच्या केंद्रांमध्ये घेतलं जातं.

मग रील्समधल्या 'ब्रेकथ्रू'चं काय?

अडचणीत देवाकडे मागणं चूक आहे, असं ख्रिस्ती परंपरा म्हणत नाही. रमाबाईही पैशांपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळ्यासाठी प्रार्थना करायच्या. पण काम झालं तर देवाचं लेकरू आणि नाही झालं तर विश्वास कमी पडला, हा हिशोब मात्र पौलाच्या 'दत्तक' कल्पनेच्या उलटा आहे. तो माणसाला पुन्हा चाकराच्या रांगेत नेऊन उभा करतो. आजारी माणसाने औषध सोडावं किंवा कर्जात असलेल्याने आणखी पैसे द्यावेत, असं कुणी ब्रेकथ्रूच्या नावाखाली सांगत असेल, तर तिथे सावध व्हायलाच हवं.

रमाबाईंच्या आयुष्याचा शेवटही सुखान्त म्हणावा असा नाही. आईच्या कामाचा वारसा चालवणारी मनोरमा २४ जुलै १९२१ ला गेली. त्यावेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणण्याच्या कामात होत्या. लेकीच्या जाण्यानंतरही त्यांनी ते काम सोडलं नाही, पूर्ण केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून ते बायबल छापून निघालं. मुक्ती मिशन आजही केडगावला सुरू आहे.