इंदूरची १८७८ची वैद्यकशाळा

इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारात किंग एडवर्ड मेडिकल स्कूलची जुनी इमारत आहे. एडवर्डचं नाव विसाव्या शतकातलं, शाळा मात्र १८७८ची. पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूलही त्याच वर्षीचं.

तेव्हा मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होऊन तेहतीस वर्षं झाली होती. तिथलं शिक्षण इंग्रजीतून. १८५१ची पहिली तुकडी आठ जणांची, त्यांत भाऊ दाजी लाड होते. एवढ्याशा डॉक्टरांवर गावोगावचे दवाखाने चालणार कसे? म्हणून १८६१मध्ये ग्रँटमध्येच मराठीतून शिकवणारा वर्ग निघाला. मग पुस्तकंही मराठीत हवी होती. डॉ. सखाराम अर्जुन यांचे वैद्यकावरचे मराठी ग्रंथ याच काळातले. सुईणीच्या अनुभवावर चालणारं प्रसूतीचं ज्ञान त्यांनी छापील मराठीत मांडलं. या माणसाची आठवण आपण फारच कमी ठेवली आहे.

ग्रँटमध्ये त्या सुमारास शरीररचना शिकवत होते हेन्री व्हॅनडाइक कार्टर. लंडनमध्ये १८५८ साली निघालेल्या हेन्री ग्रे यांच्या ‘अ‍ॅनाटमी’तली साडेतीनशेहून अधिक चित्रं कार्टर यांची. इतर बहुतेक पुस्तकांत चित्रावर नुसती अक्षरं असत आणि त्यांचे अर्थ खाली शोधावे लागत. कार्टर यांनी धमनी, स्नायू, हाडं यांची नावं थेट त्या त्या भागावरच लिहिली. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या विद्यार्थ्याची नजर पुस्तकात हरवायची थांबली. पुस्तक ग्रे यांच्या नावाने अजरामर झालं; कार्टर यांनी पुढे बरीच वर्षं मुंबईत आणि साताऱ्यात काढली, ‘मदुरा फूट’ या पायाच्या रोगावर मोलाचं संशोधन केलं.

पण ग्रँटच्याच त्या मराठी वर्गातून शिकलेला माणूस ‘हॉस्पिटल असिस्टंट’ व्हायचा, पदवीधर डॉक्टर नाही. भाषेबरोबर दर्जाही ठरून गेला, आणि माझ्या मते खरी चूक इथेच झाली. इंदूर-पुण्याच्या शाळाही पदवी देणाऱ्या नव्हत्या. आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६मध्ये देशभर एकच पदवी असावी असं सुचवलं. त्याच वर्षी पुण्याची शाळा कॉलेज झाली आणि १९४८मध्ये इंदूरला महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आलं.

ऑक्टोबर २०२२मध्ये मध्य प्रदेशाने एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आणली. त्यांत इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या आहेत, हे शहाणपणाचं आहे. आता या पुस्तकांवर शिकलेल्या मुलांना एमडीची दारं इतरांइतकीच उघडी राहतात का, ते पाहायला हवं. १८६१च्या वर्गासाठी ती बंदच होती.